उत्तरेश्वरचं पाणी

ओवी, गोष्ट ऐकायची असेल तर आधी तो मोबाईल पालथा ठेव. लाईट गेलेत तर गेलेत, गच्चीवर एकमेकांची तोंडं दिसली नाहीत म्हणून काही बिघडत नाही. सौमित्र, तुला हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. आणि ‘यज्ञेश्वरकाका, खरी का हो?’ असं मध्येच विचारायचं नाही. शनिवार पेठेत असं विचारणाऱ्याला आमच्याकडे चहा मिळत नसे. धायरीत राहायला आलो म्हणून नियम बदललेला नाही.

खरी आहे. ज्याच्या बाबतीत घडली तो सलिल आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात राहायचा. आता तिथे ते कुत्रेवाले आलेत. एकटाच होता, पस्तिशीचा, नीटनेटका, जिन्यात भेटला की पिशवी हातातून काढून घेणारा. एका मोठ्या हॉस्पिटलात नोकरीला होता. नाव विचारू नका. डॉक्टर नव्हे, अवयवदानाचा समन्वयक. म्हणजे काय, तर ज्याचा मेंदू मेलाय पण यंत्रावर हृदय चालू आहे, अशा माणसाच्या घरच्यांजवळ जाऊन बसायचं, त्यांचं रडणं ऐकायचं, आणि योग्य वेळ बघून विचारायचं, की त्याची मूत्रपिंडं, यकृत, डोळे दुसऱ्या कुणाला देता का. काम अवघड. आणि चांगलंही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर उद्या ग्रुपवर भलतंच काहीतरी टाकाल. सलिलच्या बोलण्यामुळे आज जिवंत असलेली माणसं या पुण्यात हिंडतायत. त्याचा आवाजच तसा होता. समोरच्याला वाटायचं, आपल्याला एवढं समजून घेणारा हा एकच आहे.

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. पितृपक्ष चालू होता. वद्य अष्टमी, रविवार. अमावस्या नव्हती, उगाच रंगवून सांगायची मला सवय नाही. सलिल ड्युटी संपवून संध्याकाळी गाडीनं लोणी काळभोरला निघाला होता. जेवायला. सुशीलाबाई नावाच्या एका आईनं बोलावलं होतं. तिच्या मुलाचं, उत्तरेश्वरचं श्राद्ध होतं. दुपारी जमणार नाही म्हटल्यावर ती फोनवर म्हणाली होती, “रातच्याला या. तुमचं पान राखून ठिवते. तुमच्याबिगर ते पान पुरं हुयाचं न्हाई.”

ते का, हे कळायला थोडं मागं जावं लागेल.

सुशीलाबाई मूळची बार्शीकडची. नवरा लवकर गेला. मुलगा लोणीजवळच्या एका कारखान्यात लागला तसं मायलेक दोन खोल्यांत राहायला आले. उत्तरेश्वर सत्तावीस वर्षांचा, धट्टाकट्टा. एक दिवस माल चढवता चढवता खाली बसला आणि आडवा झाला. हृदय बंद. सोबतच्या पोरांनी ॲम्ब्युलन्स येईस्तोवर आळीपाळीनं छाती दाबली. हॉस्पिटलात झटके दिले, दाबणं चालूच ठेवलं, शेवटी ते मोठं यंत्र लावलं. मांडीच्या शिरेतून रक्त बाहेर काढायचं, त्यात प्राणवायू मिसळायचा आणि परत आत सोडायचं. हृदयाचं काम यंत्र करतं. आणि बघा, तासाभरानं हृदयानं पुन्हा ठोका धरला! डॉक्टरांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. पण मधल्या वेळात मेंदूला रक्त पोचलं नव्हतं.

तिथे कुणी घाई केली नाही, हेही ऐका. अशा माणसाचं अंग मुद्दाम गार ठेवतात, झोपेची औषधं देतात. ते सगळं उतरल्याशिवाय मेंदू मेला की नाही हे तपासता येत नाही. थांबले. दोन दिवस थांबले. मग डॉक्टरांनी नियमाप्रमाणे सगळं तपासलं, मध्ये वेळ सोडून पुन्हा तपासलं. डोळ्यांवर उजेड टाकला. कानात गार पाणी सोडलं. घशाच्या आत नळी लावून बघितली, उबळ येते का, घोट हलतो का. शेवटी यंत्राचा श्वास थांबवून छातीकडे बघत उभे राहिले, स्वतःहून एक तरी श्वास घेतो का. काही नाही. उत्तरेश्वर गेला होता. त्यात शंका नव्हती.

शंका नव्हती ती डॉक्टरांना. आईला कुठून कळणार?

“अंग ऊन हाय,” सुशीलाबाई म्हणाली. “छाती हालतीया. पडद्यावर ठोकं दिसत्यात. आन् तुमी म्हणता गेला.”

सलिल तिच्याशेजारी बाकावर बसला. फार चांगलं समजावलं त्यानं, अगदी घशाच्या नळीपर्यंत. घोट येत नाही म्हणजे आत कुणी नाही, असं सांगितलं. बाई निरक्षर, पण डोकं लख्ख. सगळं ऐकलं, पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. अवयव द्यायलाही तिची ना नव्हती. “मातीत घालून तरी काय हुनार,” म्हणाली. तिचं अडलं होतं दुसरीकडेच.

“मंग पानी कवा घालायचं?”

जीव जाताना तोंडात पाणी घालायचं, ते आईनं घालायचं. तिच्या लेखी बाकी सगळं नंतर. सलिल म्हणाला, “आई, तो गेलाय. दुपारी दुसरी तपासणी झाली तेव्हाच. कागदावर तीच वेळ लिहितात.”

“दुपारी मी भाईर बसलेली. मला कुनी हाक मारली न्हाई.” मग तिनं विचारलं, “आन् त्येचं काळीज थांबनार कुटं?”

“ऑपरेशनच्या खोलीत.”

“तितं मला सोडचाल?”

“नाही, आई.”

“म्हंजे माझा ल्योक दोनदा मरनार, आन् दोनी बारीला मी दाराच्या भाईर.” बाई रडलीसुद्धा नाही. “डाक्टर त्येच्या कानात पानी घालत्यात ते चालतं. तोंडात मायनं घातलं तर बिघडतंय व्हय?”

याला कुठल्याही नियमात उत्तर नाही. पण सलिलनं दिलं. तोंडात नळी होती, तरी ओठ ओले करता येतात. नर्स रोज करतातच की, कापसाच्या बोळ्यानं. तो म्हणाला, “ऑपरेशनला न्यायच्या आधी मी स्वतः तुम्हाला आत बोलावतो. तुमच्या हातानं ओठांना पाणी लावा. माझा शब्द.” त्या शब्दावर तिनं होकार दिला. बाकी कशावरही नाही. अंगठा उठवला आणि पाण्यानं भरलेला गडू पदराखाली धरून आयसीयूच्या दारापाशी जाऊन बसली.

आणि मग काय झालं? जे तुमच्या ऑफिसांत रोज होतं तेच. धावपळ. दुसऱ्या गावाहून डॉक्टरांची तुकडी आली, पोलिसांनी रस्ता मोकळा करून ठेवला, इकडे उत्तरेश्वरचा रक्तदाब ढासळायला लागला. एवढं दाबून, एवढे झटके देऊन परत आणलेलं हृदय ते, किती दम धरणार? आत्ताच न्या, नाहीतर सगळं वाया जाईल, असा आतून निरोप आला. सलिलच्या दोन्ही कानांना फोन. खाट मागच्या लिफ्टनं गेली. बाई पुढच्या दाराशी. हाक मारून आणायला किती वेळ लागला असता? मिनिटभर. ते मिनिट कुणाकडेच नव्हतं. सलिलच्या लक्षात आलं तेव्हा लिफ्टचं दार मिटत होतं. लक्षात आलं होतं, हे त्यानं नंतर स्वतः कबूल केलं. दाराच्या फटीत हात घालता आला असता.

तासाभरानं तो तिच्यासमोर गेला. ती उठून उभी राहिली. गडू तसाच भरलेला.

“आई, वेळच मिळाला नाही. पण मी घातलं पाणी. तुमच्या नावानं मीच ओठ ओले केले.”

बाई त्याच्या पाया पडली. आणि यानं पडू दिलं.

चिडू नकोस, ओवी. तो वाईट माणूस नव्हता. तिला बरं वाटावं म्हणून बोलला. अशी बरं वाटावं म्हणून बोललेली वाक्यंच माणसाला आयुष्यभर पुरतात.

दहाव्याला कावळा शिवला नाही. नदीवर ऊन चढेपर्यंत माणसं ताटकळली. कुणी म्हणालं, मायला बार्शीला नीट पोचवू असं सांगा, कुणी म्हणालं, मालकाकडचं राहिलेलं काम करू म्हणा. सगळं सांगून झालं. कावळे झाडावर बसून बघत होते. अखेर भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे घरी गेले. त्या रात्री सुशीलाबाईचा सलिलला फोन आला. “दादा, शेवटाला तुमी त्येच्याजवळ हुता. काय राह्यलं असंल वो त्येचं?”

“काही राहिलं नाही, आई,” सलिल म्हणाला. “शांत गेला.”

तर ती ही सुशीलाबाई. आणि ते हे पान.

सलिल पोचला तेव्हा अंधार पडला होता. खोली सारवल्यासारखी स्वच्छ. भिंतीवर उत्तरेश्वरचा फोटो, त्याला हार. बाईनं पाट मांडला, खीर, वडे, आमसुलाची चटणी, सगळं साग्रसंगीत वाढलं, आणि पोटच्या पोराला वाढावं तसं आग्रहानं वाढलं. सलिलला घास उतरत नव्हता, पण जेवला. शेजारची चैताली नावाची पोरगी पाणी द्यायला म्हणून आली होती, तिला बाई कौतुकानं सांगत होती, “ह्येंनीच पानी घातलं आपल्या उत्तऱ्याला. मायच्या जागी हुभं राह्यलं.”

जेवण झाल्यावर बाईनं त्याला मागच्या भिंतीशी नेलं. सकाळी कावळ्यासाठी ठेवलेलं पान तिथे तसंच होतं. भात वाळून गेला होता. “आजबी न्हाई शिवला,” ती म्हणाली. चैताली गेली होती. दोघंच उरले होते. मग अगदी हळू आवाजात तिनं विचारलं. इतके महिने मनात घोळवलेलं असावं.

“दादा… त्यानं गिळलं का वो पानी? का भाईर आलं?”

आता बघा. इथे हा माणूस चुकला. जन्मभर लोकांच्या दुःखाला बरोबर शब्द शोधणारा माणूस. समोर तिचा चेहरा, त्यावर एवढी आस, त्याच्या जिभेवर सवयीनं जे आलं ते तो बोलून गेला.

“गिळलं, आई. शांतपणे गिळलं.”

सुशीलाबाईचा चेहरा आधी उजळला.

मग तिथेच थांबला.

“गिळलं?”

सलिल त्या वाळलेल्या भाताकडे बघायला लागला.

“तुमीच सांगितलं हुतं,” बाई म्हणाली. “नळी लावली तरी घोट हालत न्हाई. घोट न्हाई म्हंजे आत कुनी न्हाई. म्हून तर मी अंगठा दिला.” ती एक पाऊल मागं सरली. “दादा… माझा ल्योक जित्ता हुता?”

कळतंय का, काय झालं ते? दोनच गोष्टी खऱ्या असू शकत होत्या. एक तर यानं पाणी घातलंच नव्हतं. नाहीतर आईनं जिवंत पोराला कापायला दिलं होतं. खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्यात सलिलची लाज गेली असती, बाईनं त्याच्या तोंडावर गडू फेकून मारला असता, पण तिचा मुलगा तरी मेलेला राहिला असता.

सलिल म्हणाला, “आई, उशीर झालाय. निघतो. आपण नंतर बोलू.”

निघाला.

सोलापूर रस्त्याला लागला तेव्हा साडेनऊ झाले होते. रविवारची रात्र, रस्ता वाहता. कवडीपाटच्या पुढे त्याला तहान लागली. खिरीनं लागते, म्हणून त्यानं लक्ष दिलं नाही. मग इतकी वाढली की जीभ टाळूला चिकटली. शेजारच्या सीटवरची बाटली काढून त्यानं तोंडाला लावली. पाणी तोंडात गेलं. आणि दोन्ही कोपऱ्यांतून हनुवटीवर आलं. शर्ट भिजला. पुन्हा लावली. पुन्हा तसंच. आवंढा गिळायला गेला… गळा हलेना.

मांजरी फाट्याच्या अलीकडे त्यानं गाडी कडेला घेतली. घाबरला होता, पण हॉस्पिटलातला माणूस. आरशात बघून बोट घशात घातलं. आत, अगदी आत. उबळ आली नाही.

काही नाही. जणू दुसऱ्याच कुणाचा घसा.

तेव्हा त्याला ऐकू आलं. मागच्या सीटवरून.

श्वास.

माणसाचा नव्हे. यंत्राचा. हवा आत जाते… टक्. हवा बाहेर. टक्. त्यानं आयुष्यभर ऐकलेला आवाज. एका लयीत. न थकणारा.

त्यानं मागं वळून बघितलं नाही. आरसाही वर फिरवला. बाहेर ट्रक जात होते. एका ट्रकचा उजेड गाडीतून फिरला. मागच्या काचेवर आतून वाफ धरली होती. फक्त मागच्या.

टक्. हवा आत. टक्. हवा बाहेर.

मग थांबला.

यंत्र काढल्यावर थांबतो तसा.

सलिलला ही शांतता ठाऊक होती. किती वेळा तो डॉक्टरांच्या मागं उभा राहिला होता. सगळे छातीकडे बघत असतात. कुणी बोलत नाही. येतो का… स्वतःहून एक तरी… येतो का…

तो वाट बघत राहिला. स्टिअरिंगवर दोन्ही हात. आणि मग त्याच्या लक्षात आलं की गाडीत दुसराही श्वास ऐकू येत नाहीये.

त्याचा स्वतःचा.

छाती हलत नव्हती. डोळ्यांपुढे काळं यायला लागलं. मागं कुणीतरी पुढे वाकलं. सीट कुरकुरली. मानेपाशी गार काहीतरी…

ओठांनी, आवाज नसलेल्या ओठांनी, तो म्हणाला. “नाही घातलं.”

मानेपाशीचं गार हललं नाही.

“पाणी नाही घातलं मी. ती दाराशी होती. मी… हाक नाही मारली.”



मग त्याच्या घशातून एक घोट खाली उतरला. गार पाण्याचा. बाटली पायाशी पडलेली होती. त्यानं तोंडाला काही लावलं नव्हतं.

छातीत हवा आली. तो हमसून हमसून रडला. मागं आता कुणी नव्हतं, वाफही नव्हती. फोन हातात घेतला, सुशीलाबाईचं नाव काढलं, अंगठा त्या नावावर धरला. कितीतरी वेळ धरला. आणि फोन खिशात टाकला.

हे मला त्याचं आजही समजत नाही. भुताला खरं सांगितलं, आईला नाही. भूत अंधारात होतं म्हणून असेल. तिच्याकडे बघून बोलावं लागलं असतं.

तिकडे ती बाई काय करते, ते विचारा. लोणीच्या चौकात जो भेटेल त्याला थांबवते. डॉक्टर दिसला, नर्स दिसली, कॉलेजातली पोरं दिसली, सगळ्यांना एकच विचारते. घोट गिळणारा मानूस जित्ता असतो का मेल्याला? पोरं मान हलवतात आणि खरं तेच सांगतात, जिवंत असतो. मग ती दिवसभर जेवत नाही. हॉस्पिटलची माणसं जाऊन आली, कागद दाखवून आली. पण कागदावर तिचा विश्वास कधी नव्हताच. ज्याच्या शब्दावर होता तो फिरकला नाही. आता त्या बाजूला कुणाच्या घरी असा प्रसंग आला की लोक डॉक्टरला आधी सांगतात, आमचा माणूस कापायला मिळणार नाही. दर वेळी तिकडे यादीत वाट बघणारं कुणीतरी मरतं. सलिलच्या एका गोड वाक्यानं किती जीव घेतले, ते मोजायला तो थांबला नाही. महिनाभरात घर सोडून गेला. कुठे, ठाऊक नाही.

पण त्या रात्रीनंतरची सकाळ राहिली सांगायची.

सलिल घरी येऊन कपड्यांनिशी आडवा झाला होता. कुणाशी बोलला नव्हता. सकाळी आमची बेल वाजली. दारात तोच, तोंड घट्ट मिटलेलं, डोळे लाल. म्हटलं, अरे काय झालं? त्यानं बोलायला तोंड उघडलं, आणि चपापला. दोन बोटं तोंडात घातली. जिभेखालून काहीतरी काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

आपल्या बिल्डिंगमध्ये कुणाच्याही खिडकीत त्याचं झाड नाही, तुम्हाला माहीत आहे. आणि बाईनं वाढलेल्या कुठल्याही पदार्थात ते घालत नाहीत. ते कधी ठेवतात, कुणाच्या तोंडात ठेवतात, हे तुम्हा पोरांनाही सांगायला नको.

ओलं होतं. आत्ताच खुडून आणल्यासारखं हिरवंगार. तुळशीचं पान.